युद्धकाळातले गुंड आणि आपली कादंबरी

शेती, आरोग्य, संतवाङ्मय या विषयांवर आपण रेडिओवर नेहमी ऐकता. आज मी गुंडांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणी शिक्षक दचकले असतील, तर त्यांना एवढेच सांगतो की, बोलणे कादंबरीच्या निमित्ताने आहे. गावातल्या कोणत्याही वाचनालयात जाऊन पाहा. ज्या पुस्तकांची पाने सुटलेली, ज्यांच्या कव्हरांना कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, ती पुस्तके बहुधा रहस्यकथांचीच असतात. मुले ती वाचतात, मोठी माणसेही वाचतात, आणि गुरुजी आले की वहीखाली लपवतात. त्यातही एक प्रकार जगभर मोठ्या आवडीने वाचला जातो. तो म्हणजे मागच्या काळातल्या, विशेषतः युद्धकाळातल्या गुंडांची कादंबरी. तिच्यात इतिहासही असतो आणि गुन्हाही असतो. अशी कादंबरी वाचून इतिहास कळतो का? आणि आपल्या डहाणू-तलासरीच्या मुलखात अशा कादंबरीला जागा आहे का? या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, युद्ध आणि गुंड यांचा संबंध लेखकांनी कल्पनेने जोडलेला नाही. युद्ध सुरू झाले की आधी टंचाई येते. धान्य, कापड, रॉकेल, पेट्रोल सगळे सैन्याकडे वळते. टंचाई आली की सरकार नियम करते. कार्ड निघते, परवाना निघतो. आणि परवाना निघाला की तो विकणाराही निघतो. शांततेच्या काळात गुंडाला चोरी करावी लागते. युद्धकाळात नुसता साठा करूनही भागते. हे जिथे जिथे युद्ध झाले तिथे तिथे घडले.

अमेरिकेतले एक उदाहरण पाहा. लकी लुसियानो नावाचा न्यूयॉर्कचा नामचीन टोळीवाला १९३६ पासून तुरुंगात होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात ‘नॉर्मंडी’ हे मोठे जहाज जळाले. घातपाताच्या भीतीने तिथल्या आरमारी अधिकाऱ्यांनी गोदीवर वचक असलेल्या टोळीवाल्यांचीच मदत घेतली, आणि त्यासाठी लुसियानोपर्यंत हात पोचवले. १९४६ मध्ये त्याची शिक्षा कमी होऊन त्याची इटलीला रवानगी झाली. म्हणजे ज्याला सरकारने कोंडले, त्याच्याच शब्दावर सरकारची गोदी सुरक्षित राहिली! कादंबरीकाराला यापेक्षा वेगळे काय हवे?

दुसरे उदाहरण एका कथेचे. ‘द थर्ड मॅन’ या नावाने ती १९४९ मध्ये चित्रपटरूपाने आणि १९५० मध्ये पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. लेखक ग्रॅहम ग्रीन. स्थळ, युद्धानंतरचे व्हिएन्ना. शहर चार राष्ट्रांच्या फौजांनी वाटून घेतलेले, औषधांचा तुटवडा. हॅरी लाइम नावाचा एक गोडबोल्या माणूस लष्करी इस्पितळांतून चोरलेले पेनिसिलिन पाणी घालून विकतो. ते टोचलेली मुले मरतात, काही जन्माची अधू होतात. हा लाइम आपल्या जुन्या मित्राला मोठ्या आकाशपाळण्यात नेतो आणि खाली बोट दाखवतो. तिथून माणसे ठिपक्यांसारखी दिसतात. त्यातले काही ठिपके हलायचे थांबले तर कोणाला काय वाटणार, असा त्याचा सवाल. श्रोतेहो, हा पाळणा लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी कापडावर नियंत्रण आले. तांब्याची एवढी ओढ की पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पडले. तो भोकाचा पैसा आपल्यापैकी काहींच्या घरी अजून आजीच्या डब्यात असेल. ‘काळा बाजार’ हा शब्द तेव्हापासून घरोघर झाला. मेलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचलणे, खोटे कार्ड करणे, पोत्यात खडे मिसळणे, हे सगळे धंदे तेव्हा भरभराटले. राहणीचा खर्च युद्धापूर्वीच्या दुपटीहून अधिक झाला, आणि मजुरी मात्र मागे रखडली.

याच १९४३ सालात बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ हा बोलपट आला. त्यात अशोककुमार यांनी चोराची भूमिका केली, आणि तो चोर खलनायक नसून नायक होता. कलकत्त्याच्या एका चित्रपटगृहात हा बोलपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. बाहेर रांगेत उभे राहून अर्धपोटी घरी जाणारा माणूस आत बसून चोरासाठी टाळ्या वाजवत होता, याचा अर्थ आपण शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. सभ्य म्हणवणाऱ्या व्यापाऱ्याने गोदाम भरून ठेवले आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला खिसेकापू फारसा वाईट वाटत नाही. आपल्या मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड खेड्यापाड्यांतल्या वाचकांना घरच्यासारखे झाले, त्याचेही एक कारण हेच असावे. कायद्याकडून जो न्याय मिळत नाही, तो निदान पुस्तकात तरी मिळावा, असे वाचकाला वाटते.

१४ एप्रिल १९४४. ही तारीख युद्धकाळातल्या गुन्ह्यांवर लिहिणाऱ्या मराठी लेखकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. त्या दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. त्यात दारूगोळा होता, कापसाच्या हजारो गासड्या होत्या, आणि सोन्याच्या विटाही होत्या. दोन प्रचंड स्फोटांनी गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. सोन्याची एक वीट तर मैलभर अंतरावरच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे विटा सापडत राहिल्या. सोने म्हटले की कादंबरीकाराची लेखणी तिकडेच धावणार. पण त्या दिवशी मेलेल्या हमालांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

योगायोग असा की, त्याच दिवशी, १४ एप्रिल १९४४ ला, खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी मोटार अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये लुटण्यात आले. लुटणारे होते सातारच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते. पैसा गेला तो स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी. सरकारच्या दफ्तरी मात्र तो साधा सशस्त्र दरोडा होता. आणि गंमत अशी की, क्रांतिसिंह नाना पाटील ज्याचे नेते होते, ते हे प्रतिसरकार सातारा भागात गावगुंडांचा आणि दरोडेखोरांचाच बंदोबस्त करीत होते! ज्यांना कायदा दरोडेखोर म्हणत होता, त्यांच्याकडे गावकरी दरोडेखोरांची फिर्याद घेऊन जात होते. युद्धकाळात शब्द असे जागा बदलतात. चोर कोण आणि शिपाई कोण, हे नुसत्या वेषावरून ठरत नाही. चांगली ऐतिहासिक गुन्हेकथा वाचकाला नेमके इथे आणून उभी करते.

आता आपल्या मुलखात येऊ.

वेवजी हे तलासरी तालुक्यातले गुजरातच्या सीमेला भिडलेले गाव. पलीकडे सोलसुंबा, उंबरगाव. १ मे १९६० ला दोन राज्ये झाली, तेव्हा मध्ये रेघ आली. युद्धकाळात ती नव्हती. हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत मोडत होता. पश्चिमेला मुंबईला जाणारी रेल्वे, पूर्वेला जंगल, आणि मध्ये वारली, कोकणा, दुबळा समाजाचे पाडे. इथे पिस्तूल घेतलेला टोळीवाला नव्हता, अंधारे अड्डे नव्हते. मग इथे युद्धकाळातले गुंड कुठून येणार, असे कोणी विचारील.

त्याचे उत्तर गवतात आहे. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना लागणारे गवत या भागातून जाई. वखारीत गवत दाबून बांधायचे आणि रेल्वेने धाडायचे. युद्ध लागले तशी लाकडाचीही मागणी वाढली. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर मोटारी चालू लागल्या, तेव्हा कोळशालाही भाव आला. शहरातली टंचाई म्हणजे इथल्या जमीनदाराची, ठेकेदाराची चंगळ. गवत कापणाऱ्याच्या, झाड तोडणाऱ्याच्या हातात मात्र काय पडत होते?

मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने युद्धाच्या तोंडावर आदिवासी भागांविषयी एक अहवाल दिला. हा काही चळवळीतला माणूस नव्हे, सरकारी नोकरीतला इंग्रज. त्याने नोंदवले आहे की, जमीनदार बोलावील तेव्हा कुळाने वेठीला गेलेच पाहिजे. नाही म्हटले तर मार. आणि मजुरी जास्तीत जास्त दिवसाला एक आणा, नाहीतर एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळ. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराकडे बांधले जात. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. पावसाळ्यात खावटी म्हणून भात उचलायचे आणि पीक आले की दिडीने फेडायचे. आता हिशेब पाहा. युद्धात धान्याचा भाव चढला. सावकाराने फेड पैशात न घेता भातातच घेतली, तर व्याज आपोआप दुप्पट-तिप्पट झाले. वहीत एक अक्षरही खोटे लिहावे लागले नाही. पुढे आणि मागे होता तो फक्त अंगठा. व्हिएन्नाच्या आकाशपाळण्यातून माणूस ठिपक्याएवढा दिसत होता, इथे तो वहीत अंगठ्याच्या ठशाएवढा झाला होता.

म्हणून मी म्हणतो की, इथला गुंड वेगळा होता. त्याच्या हातात काठी होती, पण ती काठी खतावणीच्या मागे उभी होती. वसुलीला जाणारी माणसे, वाड्यावर बांधून मारणारी माणसे पगारावर ठेवलेली होती. हे गुन्हेच होते. फरक एवढाच की त्यांची फिर्याद कोणी लिहून घेत नव्हते.

हे चित्र बदलले ते १९४५ मध्ये. त्या वर्षाच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथे गेले होते. मग २३ मे १९४५ ला झरी गावी हजारो वारली जमले. युरोपातले युद्ध नुकते संपले होते, जपानशी अजून चालू होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या उपस्थितीत त्या सभेत साध्या चार गोष्टी ठरल्या. रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबायचे नाही. फुकट वेठ करायची नाही. मारायला आला तर प्रतिकार करायचा. आणि सर्वांनी एकजूट ठेवायची. एवढ्याच चार गोष्टी. पण पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घातलेल्या माणसांनी त्या बोलून दाखवल्या, आणि पुढच्या काही आठवड्यांत वेठ बंद पडली, लग्नगडी मोकळे झाले.

पावसाळा संपला, गवत कापणीला आले. वारल्यांनी ५०० रत्तल गवत कापण्याचे अडीच रुपये मागितले आणि संप केला. ५०० रत्तल म्हणजे आजच्या मापाने सव्वादोनशे किलोंहून थोडे अधिक. तोवर जपानही शरण आला होता. पण टंचाई, रेशनिंग आणि युद्धकाळातले नियम तसेच होते. आणि मग आला १० ऑक्टोबर १९४५ चा दिवस.

त्या दिवशी पाड्यापाड्यांतून एक निरोप फिरला. तलवाड्याला सभा आहे. जमीनदारांचे गुंड ती मोडायला येणार आहेत. हातात मिळेल ते घेऊन या. हजारो माणसे निघाली. दुसरीकडे पोलिसांना खबर गेली की वारली हत्यारे घेऊन दंग्यासाठी जमले आहेत. रात्री लाल बावट्याभोवती जमलेल्या त्या समुदायावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. अशी सभा ठरलेलीच नव्हती आणि निरोपही खबरही एकाच कटाचे दोन भाग होते, असे परुळेकरांनी पुढे लिहिले. सरकारचे म्हणणे जमाव सशस्त्र होता असे.

श्रोतेहो, पाच माणसांचे प्राण घेणारा हा निरोप कोणी धाडला? रहस्यकथेचा यापेक्षा खरा प्रश्न कुठे शोधायचा? इथे सोन्याची वीट नाही, परदेशी हेर नाही. एक तोंडी निरोप आहे, एक खबर आहे, आणि या दोन्हींमधली एक रात्र आहे. लेखकाने अंधारात त्या निरोपाच्या मागे मागे एकेका पाड्यावरून उलटे चालत जावे. कोणी कोणाला सांगितले, सांगणारा कोणाच्या वाड्यावर कामाला होता, त्याचे कर्ज किती होते, हे एकेक पाऊल शोधत जावे. असे चालता चालता त्याला त्या काळचा सगळा समाज भेटेल: वखारीचा मुनीम, जंगलखात्याचा राखणदार, रेल्वेचा हमाल, खावटी आणायला गेलेली बाई. गुन्ह्याचा माग काढणे आणि इतिहासाचा माग काढणे, ही दोन कामे इथे एकच होतात.

गोदावरीबाई परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. ती कादंबरी नव्हे, स्वतः पाहिलेल्याची हकीगत आहे. त्यांची एक राजकीय बाजू होती आणि ती त्यांनी लपवली नाही. वाचणाऱ्याने ते ध्यानात ठेवून वाचावे, सिमिंग्टनचा सरकारी अहवाल शेजारी ठेवावा, आणि आपले मत आपण करावे. पण या मुलखात शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ते एकदा तरी वाचलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

आता मुलांच्या हाती पडणाऱ्या कादंबऱ्यांविषयी. माझे शिक्षकमित्र विचारतात, मुलांना असली पुस्तके वाचू द्यावीत का? मी म्हणतो, जरूर द्यावीत. फक्त वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. पहिला, त्या काळी टंचाई कशाची होती आणि ती कोणाच्या फायद्याची ठरली? दुसरा, कायदा कोणाच्या बाजूने उभा होता? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, गुन्ह्याची किंमत कोणी मोजली, आणि पुस्तकात त्या माणसाला नाव आहे का? नायकाचा कोट, त्याची सिगारेट, त्याची मोटार यांची पानेच्या पाने वर्णने आहेत, आणि मेलेल्या हमालाला नावही नाही, अशी कादंबरी वाचायला गोड लागेल; पण ती आपल्याला त्या पाळण्यात बसवून ठिपके दाखवते, एवढे मुलांना कळले पाहिजे. उलट ज्या पुस्तकात गुंड आकर्षक असूनही त्याने केलेली जखम झाकलेली नाही, ते खुशाल वर्गात वाचून दाखवावे.

शेवटी एक काम सुचवतो. १९४५ मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीत आहेत. वेवजी, उधवा, झरी आणि आसपासच्या पाड्यांवर असे एखादे आजोबा, एखादी आजी अजून असतील. ज्यांनी स्वतः पाहिले नाही, त्यांनी आईबापांकडून ऐकलेले असेल. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. बोलणे वारलीत असेल तर वारलीतच टिपून घ्या. ते सुधारून पुस्तकी मराठीत बसवू नका. आता तर खिशातल्या फोनवरही आवाज धरून ठेवता येतो. सीमेपलीकडच्या गावांतली माणसेही विसरू नका, कारण रेघ १९६० ची आहे आणि आठवण त्याआधीची. काय विचारावे? पोलीस आणि गोळीबार एवढेच विचारू नका. पावसाळ्यात काय खात होता, गवताचा भारा किती जड असे, रेशनचे कापड मिळाले का, वाड्यावर कोणाचे नाव घेतले की भीती वाटे, हे विचारा. खरी कादंबरी अशाच उत्तरांतून उभी राहते.

ती कादंबरी कोणी मुंबईचा लेखक लिहील, की आज वेवजीच्या शाळेत पाटीवर अक्षरे गिरवणारी एखादी मुलगी लिहील, हे कोणी सांगावे? मात्र तिला लागणारा माल आज जपला नाही, तर उद्या तिच्या हाती फक्त सावकाराची वही आणि पोलिसांची खबर एवढेच उरेल. आणि त्या दोन्ही कागदांवर आपल्या माणसांची सही नाही, नुसता अंगठा आहे.